वैद्यकीय पर्यटन

वैद्यकीय पर्यटन : उपचार घेणे हाच मुख्य हेतू ठेवून रुग्णाने परदेशात केलेला प्रवास व त्याभोवती उभा राहिलेला आरोग्यसेवा उद्योग. सहलीत अचानक आजारी पडलेला प्रवासी किंवा परदेशात स्थायिक असलेला नोकरदार यांचा यात समावेश होत नाही. ‘पर्यटन’ हा शब्द अनेक अभ्यासकांना खटकतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी घर गहाण टाकून निघालेल्या माणसाला पर्यटक म्हणणे योग्य नव्हे, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. ‘उपचारप्रवास’ ही संज्ञा अधिक नेमकी वाटते. तथापि येथे रूढ संज्ञाच ठेवली आहे.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक ग्रीसमधील एपिडॉरस येथील आस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेच्या मंदिराकडे बोट दाखवतात. तेथील शिलालेख सामान्यतः इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जातात. इ. स. दुसऱ्या शतकात आलेल्या पॉसेनियस या प्रवाशाने अशा सहा शिला उभ्या असल्याचे नोंदवले आहे. त्यांवर बरे झालेल्यांच्या हकिकती त्यांच्या गावांसह कोरल्या आहेत. एका डोळ्याने आंधळी असलेली अँब्रोसिया अथेन्सहून आली. लंगडे-आंधळे केवळ स्वप्नाने बरे होतात यावर ती हसली. रात्री देवाने स्वप्नात येऊन डोळा बरा करण्याचे कबूल केले, पण अज्ञानाची खूण म्हणून चांदीचे डुक्कर वाहायला सांगितले. थेट हेलेस्पाँटच्या काठावरील लॅम्पसॅकसहून आलेल्या एका पांगळ्याचीही नोंद आहे. मंदिराची कीर्ती दूरवर नेणारे हे लेख म्हणजे आजच्या रुग्णालयांच्या जाहिरातींचे पूर्वरूपच, असे काहींना वाटते. मात्र तेथे येणारा भक्त होता व मोबदला नवसाचा होता. म्हणून ही तीर्थयात्रा मानणे अधिक ग्राह्य ठरते. इंग्लंडमधील बाथ किंवा बेल्जियममधील स्पा येथील औषधी झऱ्यांची परंपरा आजच्या उद्योगाला जास्त जवळची आहे, कारण तेथे निवास, वैद्य व करमणूक यांची एकत्र बाजारपेठ तयार झाली.

आधुनिक काळात प्रथम सधन रुग्ण विकसनशील देशांतून पाश्चात्त्य शहरांकडे जात. साधारणतः विसाव्या शतकाच्या अखेरीस उलट ओघही वाढला. याचे ठळक उदाहरण थायलंडचे आहे. 1997 मध्ये तेथील चलन कोसळले, परकीय कर्जावर बांधलेल्या खाजगी रुग्णालयांचे हप्ते फुगले आणि देशातील मध्यमवर्गीय रुग्ण घटले. रिकाम्या खाटा भरण्यासाठी ही रुग्णालये परदेशी रुग्णांकडे वळली. म्हणजे उद्योगाची सुरुवात योजनेपेक्षा अडचणीतून झाली. धोरण मागाहून आले. भारताच्या 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात परदेशी रुग्णांवरील सशुल्क उपचारांना उत्तेजन देण्याचा विचार आहे. दक्षिण कोरियाने 2009 मध्ये कायदा बदलून परदेशी रुग्ण आणण्यास रुग्णालयांना मुभा दिली.

मोजमाप : 2008 मध्ये मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने जगभरातील आंतररुग्ण (रुग्णालयात भरती होऊन उपचार घेणाऱ्या) प्रवाशांची वार्षिक संख्या 60,000 ते 85,000 सांगितली, त्याच वर्षी डेलॉइट या दुसऱ्या सल्लागार संस्थेने 2007 मध्ये एकट्या अमेरिकेतून साडेसात लाख लोक उपचारांसाठी बाहेर गेल्याचा अंदाज दिला. ही तफावत व्याख्येतून येते. दात बसवून त्याच दिवशी परतणारा मोजायचा की नाही, एकाच रुग्णाच्या पाच भेटी म्हणजे एक की पाच, यावर आकडा ठरतो. मोठ्या आकड्यांवर विसंबून गुंतवणूक आखणे धोक्याचे आहे.

उद्योगाची उभारणी : जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाविषयक करारात (अंमल 1995) हा व्यापार ‘परदेशी उपभोग’ (ग्राहकाने परदेशात जाऊन सेवा घेणे) या सेवाव्यापाराच्या दुसऱ्या प्रकारात मोडतो. वैद्यकीय व्हिसा, दुभाषे व गुणवत्तेचे अधिस्वीकरण (त्रयस्थ संस्थेची मान्यता) या गरजा सर्वपरिचित आहेत. जॉइंट कमिशन इंटरनॅशनल ही संस्था 1999 पासून अमेरिकेबाहेरील रुग्णालयांना मान्यता देते. अशी मान्यता कार्यपद्धतीची हमी देते, प्रत्येक शस्त्रक्रियेच्या यशाची नव्हे.

या उद्योगाचा खरा कच्चा माल इमारत नसून प्रशिक्षित माणसे आहेत. भूलतज्ज्ञ तयार व्हायला दहा-बारा वर्षे जातात. तो सरकारी रुग्णालय सोडून खाजगीत गेला, की त्याच्या टेबलावरचे गरीब रुग्ण थांबून राहतात. थायलंडमध्ये 2002 च्या सार्वत्रिक आरोग्य योजनेने सरकारी रुग्णालयांतील गर्दी वाढत असतानाच ही गळती चर्चेत आली. म्हणून परदेशी रुग्णांच्या बिलावर कर लावून तो वैद्यकीय शिक्षणासाठी राखून ठेवावा, असे सुचवले जाते. ही सूचना ऐच्छिक न ठेवता परवान्याची अट असावी.

अवयव प्रत्यारोपणाचा प्रश्न वेगळा आहे. अवयवांच्या व्यापाराविरुद्धच्या 2008 च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने प्रत्यारोपणासाठीचा प्रवास व ‘प्रत्यारोपण पर्यटन’ यांत भेद केला : अवयवांचा व्यापार असेल, किंवा परदेशी रुग्णांमुळे स्वदेशीयांच्या वाट्याचे अवयव व डॉक्टर कमी पडत असतील, तर तो प्रवास दुसऱ्या प्रकारात जातो. हाच निकष इतर उपचारांनाही लावून पाहण्यासारखा आहे.

पश्चात उपचार : गुंतागुंत बहुधा रुग्ण घरी पोहोचल्यावर उघड होते. 2023 मध्ये मेक्सिकोतील मातामोरोस येथे पाठीच्या कण्यातून भूल घेतलेल्या अमेरिकी रुग्णांना बुरशीजन्य मेंदूज्वर झाला, तेव्हा परतलेल्यांना शोधून काढावे लागले. अशा वेळी गावच्या डॉक्टरच्या हाती असतो तो केवळ डिस्चार्ज कार्डाचा कागद. त्यावर औषधांची व्यापारी नावे न लिहिता मूळ रासायनिक नावे लिहिलेली असावीत, भूल कशी दिली ते नमूद असावे आणि कृत्रिम सांधा किंवा हृदयाची झडप बसवली असल्यास तिच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असावी.