भिंग पाण्यात बुडवले तर

बहिर्गोल भिंग प्रकाश एकवटते आणि अंतर्गोल भिंग तो फाकवते, हे वाक्य शाळेत आपण इतक्या वेळा घोकलेले असते की हा गुण भिंगाच्या आकारातच आहे, असे वाटू लागते. वास्तविक या वाक्यात 'हवेत' हा शब्द गाळलेला असतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वर्तमानपत्राचा कपटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाण्याने भरलेल्या पातेल्याच्या तळाशी ठेवावा आणि काचेचे साधे भिंग त्यावर पूर्ण बुडवून धरावे. हवेत ठसठशीत दिसणारी अक्षरे पाण्याखाली जेमतेमच मोठी दिसतात.

असे का होते, हे पाहण्यासाठी एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असे भिंग घेऊ. त्याच्या काचेचा अपवर्तनांक (माध्यमात प्रकाश हवेपेक्षा किती पट मंदावतो ते सांगणारा आकडा) 1.5 आहे आणि हवेतील नाभीय अंतर (भिंगापासून समांतर किरण एकवटण्याच्या बिंदूपर्यंतचे अंतर) 10 सेंटीमीटर आहे, असे समजू. प्रकाशकिरण सपाट बाजूवर लंबरूप पडला की न वळता आत शिरतो आणि फुगीर पृष्ठभागावर, समजा, लंबाशी 6 अंशांचा कोन करून पोचतो. कोन लहान असल्यामुळे किरण किती वळेल हे सांगणारा स्नेलचा नियम येथे साध्या गुणाकारात मांडता येतो. बाहेर हवा असेल तर किरण 6 गुणिले 1.5, म्हणजे 9 अंशांवर बाहेर पडतो. तो 3 अंशांनी वळला. बाहेर 1.33 अपवर्तनांकाचे पाणी असेल तर तो पावणेसात अंशांवर निघतो, म्हणजे वळण केवळ पाऊण अंशाचे होते. वळण एक चतुर्थांश झाले, म्हणून नाभीय अंतर चौपट होऊन 40 सेंटीमीटरांवर गेले. काच तीच, आकारही तोच. बदलला तो काच आणि शेजारचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांतील फरक, आणि किरणाचे वळणे या फरकावरच अवलंबून असते.

ग्लिसरीनचा अपवर्तनांक 1.47 आहे. त्यात किरण जेमतेम 0.12 अंशाने वळतो, नाभीय अंतर सुमारे अडीच मीटर होते आणि भिंगाच्या कडाही पुसट होतात, कारण पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाशही या फरकावरच ठरतो. पाणी शोषून फुगलेले जेलचे पारदर्शक मणी पाण्यात दिसेनासे होतात तेही याच कारणाने; ते जवळजवळ पाण्याचेच बनलेले असतात, त्यामुळे कोणी त्यांना मंत्रवलेले मणी म्हणून दाखवले तर त्यावर विश्वास ठेवू नये. कार्बन डायसल्फाइडचा अपवर्तनांक 1.63, म्हणजे काचेपेक्षा जास्त. त्यात किरण 5.5 अंशांवर, उलट दिशेला झुकून बाहेर पडतो आणि बहिर्गोल भिंग प्रकाश फाकवू लागते. (हा द्रव विषारी आणि अत्यंत ज्वालाग्राही आहे, हा प्रयोग घरी करू नये.) पाण्यातील हवेचा बुडबुडा आकाराने बहिर्गोल असूनही प्रकाश फाकवतो, तेही यामुळेच.

आपल्या डोळ्याच्या सुमारे 60 डायॉप्टर (प्रकाश वळवण्याच्या शक्तीचे एकक) शक्तीपैकी 40 हून अधिक डायॉप्टर पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, बाह्य पृष्ठभागावर, हवेच्या सान्निध्यात निर्माण होतात. विहिरीत सूर मारून डोळे उघडले की ती शक्ती जवळजवळ संपूर्ण लोपते आणि सारे धूसर दिसते. पोहण्याचा चष्मा डोळ्यापुढे हवेचा थर राखून ती परत मिळवून देतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवले जाणारे भिंग तर कायमचे द्रवातच राहणार असते. त्या द्रवाचा अपवर्तनांक 1.336 आणि कठीण अॅक्रिलिकचा 1.49; त्यामुळे ज्याच्या वेष्टनावर 20 डायॉप्टर लिहिलेले असते, ते अॅक्रिलिकचे भिंग हवेत मोजले तर 60 हून अधिक डायॉप्टरचे भरते. लंडनमध्ये 1949 साली हॅरल्ड रिडली यांनी असे भिंग प्रथम बसवले, तेव्हा त्या रुग्णाला तीव्र निकटदृष्टिता (लांबचे धूसर दिसणे) आली. नैसर्गिक भिंगाचा सरासरी अपवर्तनांक 1.42 च्या आसपास असतो, म्हणजे भोवतालच्या द्रवाशी त्याचा फरक सुमारे 0.084 असतो, तर अॅक्रिलिकचा 0.154. नैसर्गिक भिंगाचीच वक्रता अॅक्रिलिकमध्ये उतरवली, तर शक्ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून अॅक्रिलिकचे भिंग त्यापेक्षा बरेच चपटे घडवावे लागते.