रिब्ल्या चोर्बा

सर्बियातील बेलग्रेड शहराचा रॉक बँड. स्थापना १५ ऑगस्ट १९७८. गायक, गीतकार आणि बँडचा चेहरा असलेला बोरिसाव ऊर्फ बोरा जोर्जेविच ४ सप्टेंबर २०२४ रोजी वारला आणि ही ४६ वर्षांची वाटचाल थांबली. या काळात बँडने बेलग्रेड सोडले नाही, पण देशाचे नाव चार वेळा वेगळे होते: समाजवादी युगोस्लाव्हिया, १९९२ पासून उरलेल्या दोन प्रजासत्ताकांचा युगोस्लाव्हिया, २००३ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रो, आणि २००६ पासून नुसता सर्बिया. दर नव्या राजवटीत बोराच्या जिभेने कोणा ना कोणाला दुखावले. बँडचा इतिहास पुष्कळसा त्या दुखावण्याचाच इतिहास आहे.

नावाचा सरळ अर्थ ‘माशांचा रस्सा’. डॅन्यूबकाठी तिखट पेपरिका घालून हा रस्सा कढईत शिजवतात. ‘चोर्बा’ हा शब्द तुर्कांबरोबर बाल्कनमध्ये गेला, त्याचे मूळ फारसी. मराठीतला शोरबा किंवा शेरवा त्याच घराण्यातला, त्यामुळे नाव आपल्या कानाला फार परके वाटू नये. गल्लीच्या बोलीत मात्र हाच शब्दप्रयोग मासिक पाळीसाठी वापरला जात असे आणि नाव ठेवणाऱ्यांना ते ठाऊक होते. ज्येष्ठांनी नाक मुरडावे, पोरांनी फिदीफिदी हसावे, हा हेतू सुरुवातीपासूनच होता. पुढे लोक गायकालाच ‘बोरा चोर्बा’ म्हणू लागले.

बोराचा जन्म १ नोव्हेंबर १९५२ चा, मध्य सर्बियातील चाचाक या गावचा. चोर्बाआधी तो ‘सुन्चोक्रेत’ (सूर्यफूल) या मृदू, गिटारप्रधान गटात होता. १९७८ मध्ये गायक-गीतकार जोर्जे बालाशेविचच्या ‘रानी म्राझ’ या गटातही तो थोडा काळ गायला. दोन्ही ठिकाणची गाणी गोड होती आणि त्याला गोडवा नको होता. त्याच सुमारास ‘एसओएस’ नावाचा एक कर्कश हार्ड रॉक गट चांगल्या शब्दांच्या शोधात होता: बास गिटारवर मिरोस्लाव ‘मिशा’ अलेक्सिच, गिटारवर राय्को कोयिच, ड्रमवर मिरोस्लाव ‘वित्स्को’ मिलातोविच. बोरा धरून हे चौघे बेलग्रेडच्या माकेदोन्स्का रस्त्यावरच्या ‘शुमातोवात्स’ या काफानात बसले आणि बँड ठरला. काफाना म्हणजे कॉफी, दारू, जेवण आणि तासन्‌तास गप्पा एकाच छताखाली देणारी जागा. शुमातोवात्स ‘पोलितिका’ या दैनिकाच्या इमारतीजवळ असल्याने तेथे पत्रकारांचा राबता असे. बोराच्या गाण्यांना पुढे जो बातमीचा वास येत राहिला, त्याचे निम्मे श्रेय या शेजाराला द्यायला हरकत नाही.

पहिला कार्यक्रम ८ सप्टेंबर १९७८ रोजी एलेमिर या खेड्यात झाला. वर्ष संपण्याआधी ‘लुत्का सा नास्लोव्ने स्त्राने’ (मुखपृष्ठावरची बाहुली) ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. एकेकाळच्या साध्या ओळखीची मुलगी मासिकाच्या मुखपृष्ठावर पोचते आणि परकी होते, एवढाच विषय. पण हळू सुरुवातीनंतर चढत जाणारी गिटार आणि बोराचा खरखरीत, जरा चिडका आवाज यांनी ते गाणे युगोस्लाव्हियाभर पोचवले. पुढच्या वर्षी मोम्चिलो बायागिच ऊर्फ बायागा हा कोवळा गिटारवादक आला. १९७९ चा पहिला अल्बम ‘कोस्त उ गृलु’ म्हणजे घशात अडकलेले हाड. माशांचा रस्सा म्हटल्यावर घशात काय अडकणार हे सांगायला नको. (सर्बियन भाषेत आपल्या ‘ऋ’सारखा स्वराचे काम करणारा ‘र’ आहे, म्हणून येथे ‘गृलु’ असे लिहिले आहे.)

शीर्षकांतल्या या कोट्या हा चोर्बाचा शिक्का बनला. १९८१ च्या ‘मृत्वा प्रिरोदा’चा चित्रकलेतला अर्थ स्थिरचित्र, शब्दशः अर्थ ‘मेलेला निसर्ग’. ‘मृत्वा’ आणि आपला ‘मृत’ दूरचे भाऊच. १९९० च्या ‘कोझा नोस्त्रा’त इटालियन माफियाचे नाव आहे, पण सर्बियनमध्ये ‘कोझा’ म्हणजे शेळी. १९९९ च्या ‘नोयेवा बार्का’चा अर्थ नोहाची नौका, आणि ‘नोय’ म्हणजे शहामृग, तेव्हा शहामृगाचीही नौका. १९९६ च्या ‘ओस्तालो ये चुतान्ये’त हॅम्लेटचे शेवटचे शब्द आहेत, ‘उरले ते मौन’. ते नाव ठेवून मंडळी आणखी पाव शतक गात राहिली. मुखपृष्ठांवरही हाच मिस्कीलपणा दिसतो. त्यांतली बहुतेक युगोस्लाव व्लाहोविच या बेलग्रेडच्या व्यंगचित्रकाराची.

संगीताच्या दृष्टीने चोर्बाने नवे काही शोधले नाही. ब्लूज आणि बूगीवर उभे असलेले पश्चिमेचे हार्ड रॉक त्यांनी घेतले आणि ते नीट, कडक वाजवले. ब्रिटिश गायक इयन गिलनच्या बँडचा बासवादक जॉन मॅककॉय यालाही त्यांनी निर्माता म्हणून बोलावले. वेगळेपण होते ते शब्दांत. युगोस्लाव रॉकमधली तोवरची बरीच गाणी प्रेम, प्रवास आणि धूसर स्वप्ने यांत रमत. बोराच्या गाण्यांत माणसे शिव्या देतात, उधारीवर पितात, तुंबलेल्या नळाबद्दल कुरकुरतात, टॅक्सीचे पैसे हातावर ठेवून मुलीला वाटेला लावतात. एका गाण्याचे शीर्षकच ‘फिल्टर नसलेली द्रिना ओढणाऱ्या बाईवर विश्वास ठेवू नकोस’ असे आहे. द्रिना ही तिकडची कडक, स्वस्त सिगारेट. ‘पेकार, लेकार, आपोतेकार’ (पाववाला, डॉक्टर, औषधवाला) यांसारखी यमके रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी सहज बसत. बायकांबद्दलची त्याची भाषा मात्र अनेकदा निव्वळ उद्धट असे. ती त्या काळीही अनेकांना खुपली, आज तर तिचे समर्थन करणे कठीणच. बोराने कविताही छापल्या. १९८५ चा ‘राव्नोदुशान प्रेमा प्लाचु’ (रडण्याबाबत उदासीन) हा संग्रह बराच गाजला.

पहिला मोठा राजकीय भडका ‘मृत्वा प्रिरोदा’मुळे उडाला. त्यातल्या ‘ना झापादु निश्ता नोवो’ (पश्चिमेकडे नवे काही नाही) या गाण्यात ओळ होती: ‘झा इदेआले गिनु बुदाले’. आदर्शांपायी मरतात ते मूर्ख. युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा टिटो १९८० मध्ये गेलेला, देश अजून दुसऱ्या महायुद्धातल्या पार्टिझान (कम्युनिस्ट गनिमी) लढ्याच्या आठवणींवर उभा, आणि त्या युद्धात खरोखरच आदर्शांपायी मेलेल्यांचे साथीदार हयात. माजी सैनिकांच्या संघटनेने निषेध केला, पक्षाच्या बैठकांत ओळीची चिरफाड झाली. त्या गदारोळात १९८२ मध्ये बोस्नियाची राजधानी साराएव्हो येथे झालेल्या कार्यक्रमाचा थेट अल्बम निघाला, नाव ‘उ इमे नारोदा’ (जनतेच्या नावे). युगोस्लाव न्यायालये निकाल याच शब्दांनी सुरू करीत. हाच काळ लोकप्रियतेच्या शिखराचा. ध्वनिमुद्रिका लाखांच्या घरात खपत होत्या आणि सभागृहे कोंबून भरत होती. त्याची काळी बाजूही याच वर्षी दिसली: क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथल्या कार्यक्रमातल्या चेंगराचेंगरीत एका शाळकरी मुलीचा जीव गेला.

मग दोन वर्षांत बँड आतून उसवला. १९८४ च्या अल्बमचे नाव होते ‘वेचेरास वास झाबाव्ल्यायु मुझिचारी कोयि पियु’, म्हणजे ‘आज संध्याकाळी तुमची करमणूक करीत आहेत पिणारे वादक’, आणि ते विनोदापुरते राहिले नव्हते. त्याच अल्बममधले ‘काद होदाश’ (तू चालतेस तेव्हा) हे हळवे गाणे बायागाने लिहिले होते. शिवाय त्याच वर्षी त्याचा स्वतःचा ‘पोझितिव्ना गेओग्राफिया’ हा अल्बमही निघाला आणि उचलला गेला. एका बँडमध्ये दोन गीतकार मावेनात. १९८४ मध्येच बायागा आणि कोयिच या दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. बायागाने ‘बायागा इ इन्स्त्रुक्तोरी’ काढून चोर्बाइतकीच कीर्ती मिळवली. कोयिच सावरला नाही आणि १९९७ मध्ये वारला. त्यांच्या जागी विदोया ‘जिंजर’ बोझिनोविच आणि निकोला चुतुरिलो हे गिटारवादक आले. बोझिनोविच शेवटपर्यंत टिकला.

नव्या संचाने १९८५ मध्ये ‘इस्तिना’ (सत्य) दिला. त्यातल्या ‘पोग्लेदाय दोम स्वोय, आन्जेले’ (देवदूता, आपले घर बघ) या गाण्याचे शीर्षक थॉमस वुल्फच्या कादंबरीचे, पण घर होते ते कर्जात बुडालेला, आतून पोखरला गेलेला युगोस्लाव्हिया. येथे कोटी नाही, शिवी नाही. देवदूताला खाली वाकून पाहण्याची विनवणी आहे. सहा वर्षांनी देश फुटला तेव्हा लोकांना हे गाणे आठवले. बोराने याहून चांगले काही लिहिले असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. त्यानंतर ‘ओस्मी नेर्व्नी स्लोम’ (आठवा मानसिक बिघाड, १९८६) आला. यात ‘आम्स्टरडाम’ या गाण्यात ब्रिटिश रेगे-पॉप गायक एडी ग्रँट पाहुणा होता. १९८७ च्या ‘उयेद झा दुशु’मधल्या ‘च्लान माफिये’त (माफियाचा सदस्य) ‘माफिया’ म्हणजे कम्युनिस्ट पक्ष, हे ओळखायला कोणाला वेळ लागला नाही.

नव्वदच्या दशकात बोराचे राजकारण पुरते सर्ब राष्ट्रवादाकडे झुकले. दुसऱ्या महायुद्धातल्या राजनिष्ठ चेत्निकांचा गौरव, क्रोएशिया आणि बोस्नियातल्या सर्ब बंडखोरांना उघड पाठिंबा. झाग्रेबचा गायक युरा स्तुब्लिच याने ‘अरे माझ्या बेलग्रेडच्या मित्रा’ असे युद्धाबद्दलचे गाणे केले, तर बोराने क्रोएशियातल्या सर्ब बंडाचे केंद्र असलेल्या क्निनच्या ‘मिन्जुशारी’ गटाबरोबर ‘अरे माझ्या झाग्रेबच्या मित्रा’ हे उत्तर दिले. एकेकाळी झाग्रेब आणि साराएव्होत सभागृहे भरवणाऱ्या बँडला तिथले अनेक चाहते गमवावे लागले. पण यावरून त्याला सत्तेचा भाट समजणे चूक ठरेल. सर्बियाचा तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविच याच्यावरही तो तेवढ्याच त्वेषाने तुटून पडला. मिलोशेविचची पत्नी मिरा मार्कोविच हिची टर उडवणारे ‘बाबा युला’ (आजी युला) हे त्याचे गाणे विरोधकांच्या मोर्च्यांत गाजले. याच काळातला ‘लाबुदोवा पेस्मा’ (हंसगीत, १९९२) अखेरचा ठरला नाही. निर्बंध आणि महागाईने सर्बिया पिचलेला असताना ‘झ्बोगोम, सर्बियो’ (सर्बिया, निरोप घेतो, १९९३) निघाला. निरोपही घेतला गेला नाही. २००० मध्ये मिलोशेविच गेल्यावर बोरा काही काळ संस्कृती मंत्रालयाचा सल्लागार होता. तिथलीही जागा एका वक्तव्यावरून उठलेल्या वादात गेली.

उत्तरकाळात अल्बम येत राहिले: ‘पिशान्ये उझ वेतर’ (वाऱ्याच्या विरुद्ध मुतणे, २००१), ‘ओव्दे’ (येथे, २००३), तीन भागांतली ‘त्रिलोगिया’, ‘उझ्बुना!’ (धोक्याची घंटा, २०१२). नव्या गाण्यांतले थोडेच जुन्यांच्या शेजारी टिकेल. कार्यक्रमांना मात्र गर्दी होत राहिली, कारण लोक जुनी गाणी एकत्र म्हणायला येत. बोराला अर्धी ओळ सोडून देता येई, उरलेली सभागृह पुरी करी. शेवटचा अल्बम ‘दा तेबे निये’ (तू नसतीस तर) २०१९ चा. २९ नोव्हेंबर २०२० रोजी मिशा अलेक्सिच कोविडने गेला. काफानातल्या त्या टेबलावरच्या चौघांपैकी तो एक.

बोराने अखेरची वर्षे स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथे काढली आणि तेथेच तो वारला. युगोस्लाव्हियातून सर्वांत आधी बाहेर पडलेल्यांपैकी हे प्रजासत्ताक. बातमी आली तेव्हा ज्या शहरांत त्याचे नाव काढायला लोक कचरत, तिथल्याही खिडक्यांतून ‘पोग्लेदाय दोम स्वोय, आन्जेले’ ऐकू आले असेल, तर नवल नाही.