तुमच्या छपाईच्या बिलातला नफा कुठे जातो?

लग्नपत्रिका, बिलबुकं, दिनदर्शिका छापायला येणारे बरेच जण काउंटरवर विचारतात, "तुमच्या नफ्यातून मुलांचं वसतिगृह चालतं म्हणे?" चालतं, पण सगळं नाही. म्हणून हे नीट लिहून देत आहोत.

अहिल्यानगरचा आमचा छापखाना भागीदारीतला आहे. आम्ही भागीदार ख्रिस्ती. कमाईचा दशांश देवाला, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. धंद्यात आम्ही त्यापुढे गेलो. कागद, शाई, प्लेटा, वीज, कामगारांचे पगार, बँकेचा हप्ता आणि कर भागवून जे उरतं, त्यातलं निम्मं पाथर्डी तालुक्यात काम करणाऱ्या एका ख्रिस्ती ट्रस्टला जातं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हा ट्रस्ट हंगामी वसतिगृह चालवतो.

मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपं कारखान्याच्या वाटेला लागतं, ते मार्च-एप्रिलपर्यंत. मूल सोबत गेलं तर ऐन परीक्षेपर्यंतची शाळा बुडते. दिवसभर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळायचं, पाणी भरायचं. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची तर कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न आईबापाला झोपू देत नाही, आणि मग कित्येकदा तिचं लग्नच उरकलं जातं. वसतिगृह असलं की मूल गावातच, स्वतःच्याच वर्गात राहतं आणि हंगाम संपल्यावर आईबापाकडे परत जातं.

बाहेरून येणारी देणगी बहुतेकदा ठरलेल्या कामासाठी असते: खोली बांधा, संगणक घ्या. पण स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगार, रात्री मुलींजवळ झोपणाऱ्या ताईंचा पगार, तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात न्यायचं रिक्षाभाडं, हे कोण देणार? आमचा पैसा तिथे लागतो. मात्र आमची कमाई लग्नसराईची, आणि वसतिगृहाची चूल पेटते दिवाळीनंतर. म्हणून उन्हाळ्यातली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतो, तिला हात लावत नाही.

ही वाट महाराष्ट्रात जुनी आहे. ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं. तिथल्या मुक्ती मिशनचा मोठा भार देणग्यांवरच होता. तरी शेती, दूधदुभतं, विणकाम, तेलघाणा आणि छापखानाही त्यांनी उभा केला. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं) तिथल्या बायकामुलींनी जुळवले. छपाईच्या धंद्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटणारच. आमच्याकडे मात्र मुलांकडून कसलंच काम करून घेतलं जात नाही. त्यांनी शिकावं, खेळावं.

धर्माबद्दलही स्पष्ट बोलतो. विधवा मुलींसाठी रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदनातल्या धर्मांतराच्या वादावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे सुधारक त्याच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. आमची ट्रस्टला लेखी अट आहे: प्रवेश देताना धर्म-जात विचारायची नाही, आणि मुलाला घरच्या धर्मापासून तोडायचं नाही. आमची श्रद्धा आम्हाला द्यायला सांगते, बदल्यात काही मागायला नाही.

तुमच्याकडून आम्ही एक रुपयाही जास्त घेत नाही. बाजारात दर विचारा, काम आवडलं तरच ऑर्डर द्या. बिल ही देणगी नव्हे, त्यामुळे त्यावर करसवलतीची पावती मिळणार नाही. मुलांचे फोटो मागू नका. ते आम्ही कुठेही छापत नाही. वर्षाचा हिशोब जूनमध्ये काउंटरशेजारी लावतो. तो वाचा आणि शंका असेल तर बेधडक विचारा.

आणि लग्नपत्रिका टाकायला येताना वधू-वर दोघांच्याही जन्मतारखेचा दाखला आणा. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण नसेल तर आम्ही पत्रिका छापत नाही, मग ऑर्डर कितीही मोठी असो. ओळखीत असं लग्न ठरत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत नंबरवर फोन करा. फोन मोफत आहे.