विरघळणारा रंग की लेक? खाद्यरंग घरकामाला काढण्याआधी

खाद्यरंगाच्या दोन डब्या शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींवर ‘फूड कलर’ लिहिलेलं, दोन्हींत बारीक लाल पूड. चिमटीत धरून फरक कळणार नाही. आता दोन पेल्यांत साधं पाणी घेऊन प्रत्येकात चिमूटभर पूड टाका. एका पेल्यात लाल धागे खाली उतरत जातात, ढवळलं की पाणी लाल होतं, तरी आरपार दिसत राहतं. दुसऱ्यात गढूळ पाणी होतं आणि पेला तसाच ठेवला तर पूड हळूहळू तळाशी बसते. पहिला विरघळणारा रंग, म्हणजे डाय. दुसरा लेक. घरी फुलं, लोकर, साबण, खडू असं काही रंगवायला बसलं आणि बिनसलं, की बहुतेक वेळा या दोघांची अदलाबदल झालेली असते. म्हणून डबीवर काही स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मी आधी ही पेल्याची परीक्षा घेते आणि मगच कामाला लागते.

‘लेक’ हा शब्द इथे तळ्यावरून आलेला नाही. तो आला लाखेवरून, आपल्या संस्कृत ‘लाक्षा’वरून. लाखेच्या किड्यापासून मिळणारा लाल रंग पाण्यात उतरवायचा आणि मग एखाद्या खनिज पुडीवर धरून ठेवायचा, ही जुनी रीत. आजचा लेकही तसाच होतो. विरघळणारा रंग घेऊन तो अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या, न विरघळणाऱ्या कणांवर बसवतात. म्हणजे टारट्राझीनचा पिवळा डाय आणि टारट्राझीनचा पिवळा लेक यांत रंगाचा रेणू एकच असतो. पहिल्यात तो पाण्यात मोकळा सुटतो, दुसऱ्यात कणाला चिकटून राहतो. लेकमध्ये निव्वळ रंगाचं प्रमाण साधारण १० ते ४० टक्के, बाकीचा भार त्या पांढऱ्या कणांचा. त्यामुळे तो फिकट, अपारदर्शक आणि जरा दुधाळ दिसतो.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. जेल रंग घट्ट असतो, म्हणून तो लेक असावा असं पुष्कळांना वाटतं. नेहमीचा जेल रंग म्हणजे ग्लिसरीन किंवा साखरेच्या पाकासारख्या घट्ट माध्यमातला डायच. मुलांच्या खेळाच्या कणकेला तो उत्तम, कारण त्यात पाणी कमी असतं आणि गोळा सैल होत नाही.

आता डायचं सर्वांत सुंदर काम, लोकर रंगवणं. बहुतेक कृत्रिम खाद्यरंगांच्या रेणूंवर सल्फोनेट गट असतात आणि पाण्यात गेल्यावर त्यांच्यावर ऋण भार येतो. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं. पाण्यात व्हिनेगर घातलं की प्रथिनांतल्या अमिनो गटांवर धन भार येतो आणि ते रंगाला ओढून घेतात. कृती सोपी आहे. लोकर आधी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजू द्यायची, एका लिटरला पाव वाटी व्हिनेगर पुरतं. मग रंग घालून भांडं मंद आचेवर ठेवायचं. पाणी उकळू द्यायचं नाही आणि लोकर हलवायची नाही, नाहीतर ती आटून घट्ट होते. वीस-तीस मिनिटांत एक गोष्ट घडते, ती पाहण्यासाठी मी दर वेळी भांड्याशी उभी राहते. गडद निळं पाणी फिकट होत होत अखेर स्वच्छ होतं आणि सगळा निळा लोकरीत गेलेला असतो. भांडं तसंच थंड होऊ द्यायचं, मग धुतलं तरी रंग फारसा जात नाही. खाण्याचा रंग असल्यामुळे स्वयंपाकाचं भांडं वापरायलाही हरकत नाही. कपडे रंगवायच्या इतर रंगांत ही मोकळीक नसते.

जांभळा मात्र जपून करावा. तो लाल आणि निळा मिसळून केलेला असतो आणि आम्ल जास्त झालं की लाल घाईने चिकटतो, निळा मागून येतो. लोकरीवर गुलाबी आणि निळे पट्टे उमटतात. मला ते पट्टे आवडतात. एकसारखा जांभळा हवा असेल तर व्हिनेगर आधी न घालता पाणी तापल्यावर थोडं थोडं घालावं.

हेच सुती कापडावर करून पाहिलं तर निराशा होते. सुताच्या सेल्युलोजवर रंगाला पकडणारा तसा भार येत नाही, म्हणून पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच रंग वाहून जातो. चादरीवर खाद्यरंग सांडला तर हीच गोष्ट आपल्या बाजूची: लगेच थंड पाण्याखाली धरावी. लोकरीच्या शालीवर सांडला तर मात्र डाग काढायला व्हिनेगर अजिबात लावू नये, त्याने डाग पक्का होतो. आणि बोटं का रंगतात, तेही इथेच कळतं. आपल्या कातडीचं केराटिन लोकरीच्याच घराण्यातलं प्रथिन. हातमोजे घालावेत, नाहीतर कातडीचा वरचा थर झडेपर्यंत दोन-तीन दिवस वाट पाहावी.

लेक घालून लोकर रंगवायला गेलं तर रंग कणाला बांधलेला राहतो, पूड लोकरीत अडकते आणि झटकली की गळते. फुलांचंही तेच. पांढऱ्या फुलाचा देठ तिरका कापून डायच्या दाट पाण्यात ठेवला, तर पाकळ्यांतून पाणी उडत जातं तसतसं देठातल्या नळ्यांतून रंगीत पाणी वर चढतं. काही तासांत पाकळ्यांच्या कडा रंगू लागतात, एका दिवसात शिरा स्पष्ट दिसतात. देठ मधोमध चिरून दोन टोकं दोन रंगांत बुडवली तर अर्धं फूल निळं, अर्धं लाल. लेकचे कण या अरुंद वाटेने वर जातच नाहीत.

शौचालयाची टाकी आतून गळते का, हे पाहायलाही डायच हवा. टाकीत गडद रंगाचे आठ-दहा थेंब टाकून अर्धा तास फ्लश करायचं नाही. खाली भांड्यात रंग दिसला तर टाकीतली झडप नीट बसत नाही, हे नक्की. कानाला ऐकू न येणारी गळती डोळ्यांना दिसते आणि खर्च जवळजवळ शून्य. घरात खाद्यरंग ठेवायला एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

मग लेक कशासाठी? जिथे पाणी चालत नाही किंवा रंगाने जागा सोडता कामा नये, तिथे. खोबरेल तेलात किंवा मेणात डायचे थेंब टाका, ते मण्यांसारखे गोल होऊन तळाशी बसतील. लेक तेलात विरघळत नसला तरी घोटला की पसरतो. घरगुती लिप बाममध्ये म्हणूनच लेक वापरतात. मात्र ओठांसाठी चालेल असं वेष्टनावर लिहिलेलाच घ्यावा. आधी चमचाभर तेलात पूड गुठळ्या न राहता घोटावी, मग उरलेलं मिश्रण घालावं.

दुसरी गोष्ट वाळणाऱ्या वस्तूंची. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये डाय घालून खडू केले की वाळताना पाणी पृष्ठभागाकडे सरकतं आणि रंगालाही बरोबर नेतं. खडू बाहेरून ठिपकेदार, आतून फिका होतो. लेक मूळ जागीच राहतो. साबणाच्या तयार वडीचे थर करताना मी एकदा लाल थरात डाय वापरला. आठवडाभरात शेजारचा पांढरा थर गुलाबी झाला होता. तिथे लेक हवा होता. कॉस्टिक सोड्यापासून साबण करणाऱ्यांनी मात्र दोन्हींचा नाद सोडावा. तीव्र अल्कलीत लेकवरचा रंग सुटतो आणि डायचा रंग बदलू शकतो. त्या कामाला लोह ऑक्साइडसारखी खनिज रंगद्रव्यं बरी.

मेणबत्तीतही दोन्ही हरतात. डाय मेणात मिसळत नाही आणि लेकचे कण वातीत अडकून ज्योत मंदावते. त्यासाठी मेणात विरघळणारा वेगळा रंग मिळतो. साबणाच्या फुग्यांच्या पाण्यात रंग घालायचा आग्रह मुलं धरतात, पण फुग्याचं पटल इतकं पातळ असतं की त्यात मावणारा रंग डोळ्यांना दिसतच नाही. फुटल्यावर फरशीवर डाग तेवढा दिसतो.

काचेच्या बरण्या रंगवायच्या असतील तर पांढऱ्या गोंदात डाय मिसळून आतून फिरवावा. गोंद वाळला की काच रंगीत आणि आरपार दिसते. लेक घातला तर ती दुधी होते. दिव्यावर ठेवायला मला दुधी काचच बरी वाटते, उजेड मऊ पडतो. बरणी कोणतीही असो, तिच्यात पाणी घालू नये, गोंद सुटतो. खिडकीतही ठेवू नये. उन्हात हे रंग विटतात, म्हणून माझ्या बरण्या आता जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आहेत.