रचित छायाचित्रण

सहज घडल्यासारखा दिसणारा, पण कॅमेऱ्यासाठी मुद्दाम घडवून आणलेला क्षण टिपण्याची पद्धत. बोलण्यात ‘सेट केलेला फोटो’. स्टुडिओतल्या पोझपेक्षा ती वेगळी. पोझ देणारा माणूस फोटो निघतोय हे लपवत नाही. इथे मात्र कॅमेरा जवळपास नव्हताच, असा आव असतो.

नागपुरात हा फरक एकाच दिवशी पाहायला मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. गर्दीचे धक्के खात, ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्यांत जे सापडेल ते आपले, हुकले की वर्षभर थांबा. त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो. नटवलेले पोर, लाकडी नंदीबैल, आणि मागून आईची सूचना: ‘दोर ओढ, इकडे नको पाहू.’ पोर आपल्याच नादात बैल ओढत चालले आहे, असा फोटो येतो. त्या आईला या कलेचे मर्म ठाऊक आहे, असेच म्हणावे लागेल.

क्षण रचला तरी तो हाती लागेलच असे नाही. फुटाळा तलावाच्या काठावर कुणाच्या तरी हातून संत्रे निसटल्याचा फोटो हवा आहे, असे समजा. सुमारे सव्वा मीटरवरून सुटलेले संत्रे अर्ध्या सेकंदात जमीन गाठते, आणि तोवर त्याचा वेग सेकंदाला 5 मीटरच्या आसपास जातो. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा कॅमेऱ्याचा पडदा, 1/60 सेकंद उघडे ठेवले तर तेवढ्यात ते 8 सेंटिमीटर सरकते आणि फोटोत नुसता केशरी ओरखडा उमटतो. 1/1000 ला जेमतेम 5 मिलिमीटर. जागा, कपडे, उन्हाची तिरीप सगळे ठरवता येते. बोटे दचकून कशी उघडतील, ते नाही. म्हणून पुन्हा पुन्हा टाकायचे. छायाचित्रकार फिलिप हाल्समनने 1948 मध्ये चित्रकार साल्वादोर दालीला उडी मारायला लावून, हवेत मांजरे आणि पाणी फेकून जे चित्र मिळवले, त्याला 28 प्रयत्न लागले. (मांजरांचे मत कुणी नोंदवलेले नाही.)

पद्धत छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. छायाचित्रणाच्या आपल्या शोधाची कदर झाली नाही म्हणून फ्रान्सच्या इपोलित बायारने 1840 मध्ये स्वतःलाच बुडून मेलेला माणूस म्हणून दाखवले. कॅनडाच्या जेफ वॉलने जपानी चित्रकार होकुसाईच्या एका मुद्राचित्रावरून (छापचित्रावरून) 1993 मध्ये वावटळीत उडणाऱ्या कागदांचे दृश्य उभे केले. एका झुळकेचे ते चित्र महिनोन्‌महिने काढलेल्या शंभरावर फोटोंच्या जोडणीतून झाले आहे. महाराष्ट्रात छायाचित्रकार गौरी गिल यांनी 2015 पासून जव्हारच्या मुखवटे घडवणाऱ्या कलावंतांसोबत रोजच्या जगण्यातले प्रसंग रचले. त्यात चेहरा मुखवट्याचा असल्याने आव गळून पडतो. या पद्धतीचे हे सर्वांत प्रामाणिक रूप म्हणता येईल.

वाद होतो तो आव खरा मानला गेला की. पॅरिसच्या रस्त्यावरच्या चुंबनाचा, फ्रेंच छायाचित्रकार रोबेर द्वानोचा 1950 मधला फोटो अनेक वर्षे नकळत टिपलेला समजला जाई. त्यातले जोडपे आपणच, असा दावा कोर्टात गेला तेव्हा 1990 च्या दशकात द्वानोला सांगावे लागले की ते दोघे नाट्यशिक्षण घेणारे तरुण होते आणि त्यांना त्यानेच उभे केले होते. बातमीच्या फोटोला ही मुभा नाही. मारबत पुढे गेल्यावर चार पोरांना थांबवून पुन्हा ओरडायला लावले आणि तो फोटो मिरवणुकीचा म्हणून छापला, तर ती फसवणूक. तोच फोटो ‘रचित’ असे लिहून प्रदर्शनात टांगला, तर कुणाची हरकत नसावी.