झॉम्बी, मॉल आणि बहात्तर तासांचं घड्याळ

कोलोराडोतल्या विलामेट गावचा मॉल, १९ सप्टेंबर, दुपारचे १२. फ्रँक वेस्ट हा फोटो-पत्रकार हेलिकॉप्टरमधून छतावर उतरतो. हेलिकॉप्टर परत येणार ते २२ तारखेच्या दुपारी १२ वाजता. मधले ७२ तास म्हणजे कॅपकॉम कंपनीचा ‘डेड रायझिंग’ हा गेम. अमेरिकेत तो ऑगस्ट २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला. ओपन वर्ल्ड, म्हणजे हवं तिकडे फिरता येईल अशा, झॉम्बी गेममध्ये घड्याळ हवं की नको, हा वाद तेव्हापासून जो सुरू झाला तो आजही संपलेला नाही.

या गेममधला एक तास म्हणजे खरी पाच मिनिटं. एक दिवस दोन तासांत सरतो आणि ७२ तासांचा हिशेब सहा तासांवर येतो. पॉज केलं की वेळ थांबते. एरवी ती चालूच राहते, तुम्ही मुख्य कथेच्या मागे असा, कुणाला वाचवत असा किंवा नुसते दुकानांतले कपडे घालून बघत असा.

वेळेची मर्यादा ही काही कॅपकॉमने शोधलेली गोष्ट नव्हे. मुंबईतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकून खेळलेल्या पिढीला ती पाठ होती. ‘आउटरन’ (१९८६) सारख्या गाडीच्या गेममध्ये पुढचा चेकपॉइंट गाठला तरच सेकंद वाढायचे. मशीनवर एकाच पोराने तासभर बसू नये, हे त्यामागचं साधं गणित. ते घड्याळ धंद्यासाठी होतं, कथेशी त्याचा संबंध नव्हता. कॉम्प्युटर क्लासच्या डॉस मशीनवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) आला आणि चित्र बदललं. १२ लेव्हल, ६० मिनिटं. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मागे जात नाही. इथे वेळ कथेचा भाग झाली, कारण तासाभरात राजकन्येचा निकाल लागणार होता. तरी तो होता सरळ रेषेतला गेम. कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता.

खरी अडचण येते ती मोकळ्या नकाशावर. हवं तिकडे जा म्हणायचं आणि वर घाईही करायची, हे एकत्र कसं नांदणार? ‘फॉलआउट’ने १९९७ मध्ये याला एक उत्तर दिलं. बंकरचं पाणी शुद्ध करणारी चिप १५० दिवसांत शोधायची. नकाशावरच्या प्रत्येक प्रवासात दिवस खर्च होतात, आणि पाणी विकणाऱ्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन १०० दिवस वाढवून घेता येतात. त्या पलीकडे दुसरी, लांबची मुदतही होती. लोकांनी इतकी कुरकुर केली की पॅच काढून ती जवळपास निकालात काढावी लागली. पहिली मुदत मात्र राहिली. ती दिसत होती, मोजता येत होती, वाढवताही येत होती. लांबची मुदत कुठेतरी मागे दडलेली होती, आणि लोकांचा राग होता तो तिच्यावर.

दुसरं उत्तर निन्टेन्डोचं, २००० सालच्या ‘मजोराज मास्क’मधलं. तिथेही तीन दिवस, तिथेही ७२ तास, फक्त एक तास ४५ सेकंदांचा. म्हणजे सगळं मिळून ५४ मिनिटं. एक धून उलटी वाजवली की वेळ तिप्पट सावकाश चालते. पहिल्या दिवसाच्या पहाटे परत गेलात तर बाण, बॉम्ब, खिशातले पैसे जातात. मुखवटे, गाणी आणि बँकेत भरलेले पैसे राहतात. काय बुडतं आणि काय उरतं याची ही विभागणीच तो गेम उचलून धरते. बँकेत पैसे न भरता मागे गेलात तर ती चूक तुमची, आणि ती पुन्हा होत नाही.

‘डेड रायझिंग’ या दोघांच्या पुढे गेला, पण वाटेत दोन चुकाही करून बसला. कोणत्या, ते नीट बघायला हवं, कारण घड्याळाला शिव्या देणारे बहुतेक जण खरं तर त्या दोन चुकांना शिव्या देत असतात.

आधी बरोबर काय होतं ते. गेम दोन प्रकारची कामं देतो. मुख्य केस, म्हणजे कथेचे टप्पे, ठरल्या वेळी, ठरल्या जागी सुरू होतात. बाकीची कामं म्हणजे मॉलमध्ये अडकलेल्या माणसांच्या खबरा. प्रत्येक कामाला वेळेची स्वतःची पट्टी असते, ती आखडत जाते आणि शेवटी लाल होते. एकाच वेळी तीन-चार पट्ट्या चालू असतात आणि सगळ्या पुऱ्या करणं पहिल्या फेरीत शक्यच नसतं. ते मुद्दाम तसं केलेलं आहे. कुणाला सोडायचं हा निर्णय तुमच्यावर येतो, आणि मोकळ्या नकाशाला वजन येतं ते यामुळे. मॉलमधली अंतरं, पॅराडाइज प्लाझातून वंडरलँड प्लाझाकडे जायला किती वेळ लागतो, संध्याकाळी ७ नंतर झॉम्बी लाल डोळ्यांनी जास्त चवताळतात म्हणून मधलं मैदान त्याआधी ओलांडायचं, हे सगळं अंगवळणी पडतं. मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको. कुठल्या डब्यात चढलं की दादरला पुलाच्या तोंडाशीच उतरतो, हे ज्ञान ज्याला वेळेवर पोचायचं असतं त्यालाच येतं.

त्यातून हरलात तरी फ्रँकने कमावलेली लेव्हल जात नाही. ‘स्टेटस सेव्ह करून बाहेर पडा’ हा पर्याय घेतला की कथा पहिल्यापासून, पण फ्रँकची ताकद, वेग, सामानाच्या जागा कायम. कमाल लेव्हल ५०. तिसऱ्या फेरीतला फ्रँक पहिल्या फेरीतल्या फ्रँकला ओळखणार नाही. शिवाय माहितीही साठत जाते. वंडरलँडमध्ये ग्रेग नावाच्या माणसाला वाचवलं की तो स्वच्छतागृहातून थेट पॅराडाइज प्लाझात निघणारी वाट दाखवतो. वंडरलँडमधल्याच विदूषकाला हरवलं की छोटी चेनसॉ (यांत्रिक करवत) मिळते. इंजिनिअरिंग, एंटरटेनमेंट आणि क्रिमिनल बायोग्राफी ही तीन पुस्तकं जवळ बाळगली तर प्रत्येक पुस्तक त्या चेनसॉचं आयुष्य तिप्पट करतं, म्हणजे एकूण २७ पट. ब्लेंडरमध्ये जमलेलं क्विकस्टेप हे पेय प्यायलं की पाय काही वेळ जोरात पळतात. मर्यादा आहे म्हणूनच या गोष्टींना मोल आहे. अमर्याद वेळ असती तर आडवाट शोधायची कुणाला गरज होती?

आता चुका. पहिली सेव्हची. सेव्ह करायला स्वच्छतागृह किंवा सिक्युरिटी रूम गाठायची, आणि स्लॉट, म्हणजे सेव्ह ठेवायची जागा, एकच. समजा पुढच्या केसला गेममधली २० मिनिटं उरली आहेत, म्हणजे खरे १०० सेकंद, आणि तुम्ही मॉलच्या दुसऱ्या टोकाला सेव्ह केलंत. आता कितीही वेळा लोड करा, पोचणं शक्य नाही. मागचा सेव्ह कधीच पुसला गेलेला. केस हुकली की सत्य अंधारात हरवल्याची ओळ येते आणि पुष्कळ जण गेम संपला असं समजून तिथेच थांबतात. खरं तर तो संपत नाही. हेलिकॉप्टर येईपर्यंत खेळता येतं, माणसं वाचवता येतात, पॉइंट मिळवून लेव्हल वाढवता येते. पहिली फेरी अशी फुकट घालवणं हाच त्या गेममध्ये शिरण्याचा सगळ्यात चांगला मार्ग आहे, पण गेम हे स्पष्ट सांगत नाही.

दुसरी चूक, घड्याळ एक वेग ठरवतं आणि गेममधली माणसं दुसऱ्याच वेगाने चालतात. वाचवलेले लोक दाराशी अडकतात, झॉम्बींच्या घोळक्यात शिरतात, हाक मारली तरी येत नाहीत. सिक्युरिटी रूममधला ओटिस रेडिओवर बोलू लागला की फ्रँकला वार करता येत नाही, आणि बोलणं तोडलं तर ओटिस पुन्हा फोन करून रागावतो. खेळाडूच्या चुकीने गेलेले सेकंद खेळाडू मान्य करतो. दुसऱ्याच्या बावळटपणात गेलेले करत नाही.

आपल्याकडे यात आणखी एकाची भर पडली. एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला, तेव्हा मुंबईतल्या बहुतेक घरांत जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते. ‘डेड रायझिंग’ची अक्षरं एचडी टीव्हीच्या हिशेबाने इतकी बारीक ठेवलेली की साध्या टीव्हीवर ओटिसचा निरोप वाचताच येत नसे. ही तक्रार जगभर झाली. ज्या गेममध्ये कुठे आणि किती वाजता हेच सर्वस्व आहे, तिथे तेच दिसत नसेल तर घड्याळ हा निव्वळ छळ ठरतो. पहिला भाग पीसीवर यायला २०१६ उजाडलं. म्हणून पीसीवर खेळणाऱ्या, सायबर कॅफेत तासाने पैसे मोजणाऱ्या मुलांची या मालिकेशी गाठ पडायची ती बहुधा २०१० च्या दुसऱ्या भागातून. तिथे कॅफेचं घड्याळ वेगळं आणि गेमचं वेगळं. एका तासाच्या पैशात गेममधला अर्धा दिवस बसतो. निदान चार तास सलग मिळणार नसतील तर कॅफेत हा गेम उघडू नये, कारण सेव्ह त्या मशीनवर राहतो आणि उद्या तेच मशीन मिळेल याची खात्री नसते.

दुसऱ्या भागाने सेव्हचे तीन स्लॉट दिले. एवढ्या एका बदलाने अर्धी तक्रार मिटली. वर घड्याळाला माणसाचा चेहरा मिळाला. त्या भागाचा नायक चक ग्रीन याच्या मुलीला, केटीला, दर दिवशी सकाळी ७ ते ८ मध्येच झॉम्ब्रेक्स, म्हणजे झॉम्बी होण्यापासून रोखणारं औषध, द्यायचं. आधी देऊन मोकळं होता येत नाही आणि उशीर झाला की मुलगी गेली. पोरीसाठी धावताना मुदतीचा राग येत नाही. पुढच्याच वर्षी ‘ऑफ द रेकॉर्ड’ने ज्यांना मुदत नको त्यांच्यासाठी वेगळा सँडबॉक्स मोड दिला. दोघांची सोय झाली, मूळ खेळ शाबूत राहिला. २०१३ च्या तिसऱ्या भागाने नेहमीच्या मोडमधली मुदत सैल केली आणि जुन्या पद्धतीची शिस्त नाइटमेअर मोडमध्ये ठेवली.

२०१६ च्या चौथ्या भागाने घड्याळ काढूनच टाकलं. तेच विलामेट, तोच फ्रँक, नाताळची रोषणाई, हत्यारं भरपूर. पण कुणीही तुमची वाट बघत नाही. मरणारा माणूस तुम्ही पोचेपर्यंत मरत नाही. झॉम्बी गर्दी राहते, धोका राहत नाही. मालिकेचा जीव गेला तो इथे, असं आमचं स्पष्ट मत आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये कॅपकॉमने तो बनवणारा व्हँकुव्हरचा स्टुडिओ बंद केला.

तोवर इतरांनी वेळ वेगळ्या रीतीने मांडून पाहिली होती. ‘स्टेट ऑफ डिके’ (२०१३) मध्ये गेम बंद असतानाही वस्तीचा साठा कमी होत राहायचा. परीक्षेच्या महिन्यात ज्याने तो मिटून ठेवला, त्याच्यावर हा अन्यायच होता. ‘डाइंग लाइट’ने २०१५ मध्ये रात्र भयंकर केली, पण रात्री बाहेर पडणाऱ्याला पळण्याचे आणि मारामारीचे पॉइंट दुप्पट दिले, आणि झोपून रात्र टाळायची मुभाही ठेवली. ‘सेव्हन डेज टू डाय’मध्ये मूळ सेटिंगला दिवस ६० मिनिटांचा, एक तास अडीच मिनिटांचा. सातव्या रात्री २२:०० ते ०४:०० झॉम्बींची धाड, म्हणजे खरी १५ मिनिटं. पहिल्या सकाळपासून तिथपर्यंत साधारण साडेसहा तास मिळतात, जवळजवळ ‘डेड रायझिंग’एवढेच. फरक हा की इथे मुदत संपली की गेम संपत नाही, पुढचे सात दिवस सुरू होतात, आणि दिवसाची लांबी, धाडीचं अंतर दोन्ही सुरुवातीला बदलता येतं. ‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’ तर तारीखच सांगत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिल्या ३० दिवसांत कधीतरी नळ कोरडे पडतात आणि वीज जाते. पहिल्याच दिवशी बाथटब, पातेली, बाटल्या भरून ठेवाव्यात आणि जनरेटर चालवायचं मासिक शोधावं. उशीर झाला की फ्रीजमधलं अन्न सडायला लागतं. घड्याळ दिसत नाही, तरी प्रत्येक दुपार मोजून वापरावी लागते.

सप्टेंबर २०२४ मध्ये पहिला ‘डेड रायझिंग’ डिलक्स रीमास्टर, म्हणजे सुधारलेली नवी आवृत्ती, होऊन आला. त्यात ७२ तासांना हात लावलेला नाही. आपोआप सेव्ह होतं, स्लॉट एकाहून जास्त, आणि वाचवलेली माणसं बरीच शहाणी झाली आहेत. शिवाय सुरक्षित जागी वेळ पुढे ढकलता येते. ही शेवटची सोय लहान वाटते, पण मूळ गेमचं एक उलटं दुखणंही होतं. काम लवकर आटोपलं तर पुढची केस सुरू होईपर्यंत नुसतं ताटकळत उभं राहायचं. मुदतीचा गेम घाईने जेवढा बिघडतो तेवढाच रिकाम्या वेळानेही बिघडतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली फेरी केसच्या मागे न लागता लेव्हल आणि वाटा यांच्यात घालवावी. दुसऱ्या फेरीत चेनसॉ आणि पुस्तकं पहिल्या दिवशीच जमवावीत आणि सगळ्या केस घ्याव्यात. २२ तारखेला सकाळी १० वाजता इझाबेला या पात्राशी बोलायला विसरू नये. ते राहिलं तर बारा वाजता छतावर वेळेत पोचूनही खरा शेवट मिळत नाही, आणि त्यापुढचा २४ तासांचा ओव्हरटाइम उघडतच नाही.