कचकचून आवळलेला बोल्ट आणि गेलेले आटे

मोटरसायकलचं ऑइल घरच्या घरी कसं बदलावं हे दाखवणारे व्हिडिओ आता मराठीतही भरपूर सापडतात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांतल्या बऱ्याच व्हिडिओंत शेवटी एक वाक्य हमखास येतं: "आता बोल्ट चांगला कचकचून आवळा, म्हणजे ऑइल गळणार नाही." हे ऐकलं की मला राहवत नाही. ड्रेन बोल्ट (इंजिनच्या तळाचा, जुनं ऑइल काढण्यासाठी उघडतात तो) स्लिप होतो, म्हणजे पाना नुसता फिरत राहतो आणि बोल्ट काही केल्या घट्ट होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं की आधी कुणीतरी तो कचकचून आवळलेला असतो. जितका घट्ट तितका सुरक्षित, ही समजूत एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. आणि ती मर्यादा आपल्या मनगटाला वाटते त्यापेक्षा खूप अलीकडे आहे.

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. सरळ कड्यावर चढण्याऐवजी घाटाचा रस्ता वळसे घेत डोंगर चढतो, तसंच हे आहे. मोटरसायकलवर सर्वांत जास्त भेटणारा बोल्ट ६ मिलिमीटर जाडीचा, ज्याला सहसा १० नंबरचा पाना लागतो. त्याची एक फेरी पूर्ण झाली की तो १ मिलिमीटर आत जातो. आट्याच्या मध्यावर मोजलेला घेर जवळपास १७ मिलिमीटर. म्हणजे १७ चालायचं आणि १ चढायचं. हा चढ साडेतीन अंशांहूनही थोडा कमी भरतो. इतक्या सौम्य चढावर घर्षण बोल्टला मागे घसरू देत नाही, म्हणून हात काढला तरी तो आवळलेला राहतो.

आता बोल्टचं डोकं भागावर टेकलं. यापुढे फिरवलं तर डोकं पुढे जाऊ शकत नाही, पण आटे दांड्याला आत ओढतच राहतात. मग दांडा ताणला जातो. होय, स्टीलचा बोल्ट लांब होतो, मिलिमीटरच्या काही शतांश भागाने. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे आणि तिच्या आक्रसण्याच्या धडपडीमुळेच दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. पाना मारताना आपण खरं तर एक स्प्रिंग ताणत असतो, हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

किती ताणतो? अभियंते यासाठी एक साधं सूत्र वापरतात: पान्याचा पीळ, म्हणजे टॉर्क, भागिले बोल्टचा व्यास आणि ०.२ यांचा गुणाकार. तो ०.२ हा आकडा घर्षणाचा प्रतिनिधी आहे. ६ मिलिमीटरच्या बोल्टला इंजिनवर साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. १० धरला तर ताण येतो सुमारे ८,३०० न्यूटन, म्हणजे जवळपास ८५० किलो वजन टांगल्याएवढा! आणि हे आपण लावलेल्या कष्टाच्या जेमतेम दहाव्या भागातून मिळतं. अर्धे कष्ट बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, उरलेल्यांतले बरेचसे आट्यांच्या घर्षणात.

आता १५ सेंटिमीटर लांबीचा पाना घ्या आणि १० किलोच्या जोराने ओढा. हा जोर एका हाताला सहज जमतो. टॉर्क झाला जवळपास १५ न्यूटन-मीटर, ताण झाला १२,००० न्यूटनच्या वर. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा ताकदीचा दर्जा सांगणारा आकडा कोरलेला असेल, तर ६ मिलिमीटरच्या त्या बोल्टने कायमचं न ताणता सोसण्याची हमी सुमारे ११,६०० न्यूटनपर्यंतच असते. म्हणजे घाम न गाळताच आपण हमीच्या बाहेर गेलो. आट्यांना ऑइल लागलेलं असेल तर घर्षण कमी होतं. तो ०.२ समजा ०.१५ झाला, तर तेवढ्याच टॉर्कला ताण एक तृतीयांशाने वाढतो. हाताला मात्र काहीच फरक जाणवत नाही, कारण हाताला टॉर्क कळतो, ताण कळत नाही.

एवढा ताण सोसायचा कुणी? माझ्या मते सगळ्या यंत्रशास्त्रातली ही एक अत्यंत सुंदर गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याला वाटतं की दहा आटे अडकले असतील तर प्रत्येकावर दहावा हिस्सा भार येत असेल. तसं होत नाही. साध्या स्टीलच्या नट-बोल्टमध्ये सहा आटे अडकलेले असतील, तर डोक्याच्या बाजूचा पहिला आटा एकटाच जवळपास एक तृतीयांश भार घेतो आणि पहिले तीन मिळून सुमारे तीन चतुर्थांश. शेवटचे आटे जवळजवळ मोकळेच बसलेले असतात.

याचं कारण पुन्हा तीच स्प्रिंग. पहिल्या आट्यापाशी दांड्यात पूर्ण ताण असतो, म्हणून तिथे तो सर्वांत जास्त लांबलेला असतो. पहिल्या आट्याने आपला वाटा नटाला दिला की पुढच्या तुकड्यात ताण उतरतो, तो कमी लांबतो. दुसरीकडे नट दाबला जातो, त्याच्या आट्यांमधलं अंतर कणभर कमी होतं. म्हणजे आवळण्याआधी बोल्टचा आणि नटाचा आटा तंतोतंत जुळत होता, तो आवळल्यावर जुळेनासा होतो, आणि ही तफावत सर्वांत जास्त भोगतो तो पहिला आटा. नट जितका ताठ, तितकी ही विषमता जास्त. ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या एक तृतीयांश आहे, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या छिद्रात भार थोडा अधिक समान वाटला जातो. मऊपणाचा हा फायदाच. पण त्याच मऊपणामुळे आटा कातरला जाण्याची ताकदही कमी असते. स्टीलच्या बोल्टचे आटे शाबूत राहतात आणि इंजिनच्या केसिंगमधले, म्हणजे ॲल्युमिनियमच्या बाहेरच्या कवचामधले जातात, ते यामुळे. पहिला आटा वाकला की त्याचा भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. पाना आवळताना आधी थोडं मऊ लागतं आणि मग अचानक सगळंच सुटतं, तो क्षण म्हणजे ही माळ शेवटापर्यंत पोचल्याचा क्षण. म्हणूनच स्टीलचा नट बोल्टच्या व्यासापेक्षा थोडा कमी जाडीचा असला तरी चालतो, पण ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोली ठेवतात.

आटे जाण्याची आणखी दोन कारणं. पहिलं गंज. कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या, दमट हवेत स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यात छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि बोल्ट जाम करते. जोर लावून खोलला तर केसिंगचे आटे बोल्टला गुंडाळूनच बाहेर येतात. अशा वेळी हॉट एअर गनने केसिंग तापवावं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १०० अंशांनी तापवल्यावर ६ मिलिमीटरच्या छिद्रात फरक पडतो तो मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढा, पण गंजाची पकड सैल करायला तेवढा बऱ्याचदा पुरतो. पेट्रोलजवळ ज्वाला मात्र नको.

दुसरं कारण चुकीचा बोल्ट. जपानी घडणीच्या गाड्यांवर १० मिलिमीटरच्या बोल्टचा आटा सहसा १.२५ मिलिमीटर अंतराचा असतो, आणि हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर बहुधा १.५ चा मिळतो. दोन फेऱ्यांत अर्ध्या मिलिमीटरची तफावत पडते, बोल्ट अडतो, आणि आपण पाना लावतो. जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटवर तर ब्रिटिश आटे भेटतात. ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या प्रमाणानुसार त्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. आपल्या मेट्रिक आट्याचा ६०. फसवी जोडी पाहा: पाव इंची, इंचाला २६ आट्यांच्या बोल्टचं अंतर ०.९८ मिलिमीटर येतं. त्याच्या छिद्रात ६ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट अलगद शिरतो, बसल्यासारखाही वाटतो. पण तो एक तृतीयांश मिलिमीटरने बारीक असल्यामुळे आट्यांची फक्त टोकं एकमेकांना धरतात. आवळताच ती सोलून निघतात.

तेव्हा बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा. सुरुवातीला उलटा फिरवा. 'टक' करून खाली बसल्याचं जाणवलं की मग सुलटा. बोटांनी तीन-चार फेऱ्या गेल्याशिवाय पाना हातात घ्यायचाच नाही. स्पार्क प्लगला तर हे शंभर टक्के लागू आहे.

आटे गेल्यावर बाजारात तात्पुरते इलाज बरेच सुचवले जातात. ड्रेन बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळणं त्यांतलंच एक. तिथे ऑइल अडवण्याचं काम आट्यांचं नाही, वायसरचं आहे, आणि टेपचे तुकडे ऑइलच्या बारीक वाटांत जाऊन बसू शकतात. पुट्टीने बोल्ट चिकटवला तर गळती काही दिवस थांबेल, पण पुढच्या वेळी ऑइल बदलणार कसं? शनिवारी तेल आणि लोखंड विकत आणू नये ही समजूतही अजून जिवंत आहे. ऑइल गळत असेल तर शनिवारीच आणा. ऑइल कमी पडलेल्या इंजिनचं बेअरिंग वार बघून तग धरत नाही.

बोल्टचे आटे गेले असतील तर नवा बोल्ट आणावा, विषय संपला. कारखान्यात ते आटे कापत नाहीत, दाबून वळतात. त्यामुळे धातूची घडण अखंड राहते. डायने, म्हणजे बोल्टवर आटे कापणाऱ्या हत्याराने, पुन्हा कापलेला आटा तितका बळकट होत नाही. छिद्रातले आटे नुसते दबले असतील तर टॅप (छिद्रात आटे पाडणारं हत्यार) हलक्या हाताने फिरवून सरळ होतात. पूर्ण गेले असतील तर उत्तर आहे हेलिकॉइल.

हेलिकॉइल म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या छेदाच्या स्टेनलेस स्टील तारेची गुंडाळी. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी जुनं छिद्र सुमारे ६.३ मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं करतात, खास टॅपने नवे आटे पाडतात आणि गुंडाळी आत फिरवत बसवतात. मोकळी असताना तिचा व्यास छिद्रापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ती बाहेरच्या बाजूला दाब देत स्वतःच घट्ट बसते. आतल्या बाजूला पुन्हा मूळ मापाचा आटा मिळतो. याला ठिगळ समजणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. ॲल्युमिनियममधल्या नव्या आट्याचा व्यास आता ६ ऐवजी ७.३ मिलिमीटर झाला, म्हणजे भार सोसणारा घेर वीस टक्क्यांहून जास्त वाढला. शिवाय गुंडाळी लवचीक असल्याने ती कणभर सरकून भार पुढच्या आट्यांना वाटून देते. पहिल्या आट्यावरचा तो अन्याय इथे कमी होतो! विमानांच्या भागांत तर ती पहिल्यापासूनच बसवतात.

ड्रिल काटकोनात हवं. ते तिरकं गेलं तर सगळं वाया. टॅपला ग्रीस लावावं म्हणजे कीस त्याला चिकटतो. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे असा फिरवावा. गुंडाळीचं वरचं टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली उतरवावं, मग गुंडाळी फिरवण्यासाठी तिच्या खालच्या टोकाला असलेली छोटी आडवी दांडी मोडून ती आठवणीने बाहेर काढावी. ऑइल चेंबरच्या छिद्रातून शेवटी थोडं स्वस्त ऑइल वाहू द्यावं, म्हणजे राहिलेला कीस निघतो. ब्रेक कॅलिपर धरणारे आटे गेले असतील तर मात्र घरी प्रयोग नको; ते काम लेथवर काम करणाऱ्या जाणकाराचं, नाहीतर तो भागच बदलावा.

बोल्ट परत बसवण्याआधी बंद तळाच्या छिद्रांत साचलेलं ऑइल कापडाने टिपून घ्या. द्रव जवळजवळ दाबला जात नाही. बोल्ट दट्ट्यासारखा खाली येतो आणि केसिंगला तडा जाऊ शकतो. क्लच कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून, भोकं पाडून, प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्टच्या जागी आखूड गेला तर तीन-चारच आटे धरतात, आणि पहिल्यावर किती भार येतो ते वर पाहिलंच आहे.